१३ इंची थिकनेस प्लॅनर, धाब्याच्या घराचा जुना साग आणि आपल्याकडची लाइट

पहिले एक गोष्ट क्लिअर करतो. थिकनेस प्लॅनर, म्हणजे फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं मशीन, घेतला की वाकडी फळी सरळ होते असं समजून कोणी पैसे जमवत असेल तर थांबा भाऊ, वाकडी फळी त्यात घातली तर पलीकडून वाकडीच निघते, फक्त मस्त गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या जाडीची वाकडी. मशीनचं काम एवढंच, फळीची खालची बाजू जशी असेल तिला समांतर वरची बाजू करायची. खालची सपाट तर वरची सपाट, खालची बाकदार तर वरची पण बाकदार. आत दोन रोलर असतात, एक पुढे एक मागे, मधे ब्लेडचा ड्रम फिरतो, आणि हे रोलर फळीला खालच्या सपाट बेडवर दाबून पुढे ढकलतात. म्हणजे पातळ बाकदार फळी आत असताना दाबून सरळ होते, ब्लेड सरळ कापतं, बाहेर निघाली की स्प्रिंगसारखी परत मूळ पदावर. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्धवट वाळलेली बिबडी, म्हणजे ज्वारीचा पापड, कडेने उचलते ना, हाताने दाबली तर बसते आणि सोडली की परत उचलते, अगदी तसं.

हे दुकानदार सांगत नाही. डेमोला तो पाइनची सरळसोट पट्टी घालतो, ती काचेसारखी निघते आणि आपण खिशात हात घालतो.

माझं वर्कशॉप जळगाव जिल्ह्यात पारोळ्याला, छोटंसंच, दारं, देवघरं, टेबल, झोपाळ्याच्या पाट्या असलं काम. माल निम्म्याहून जास्त जुना. आपल्याकडे गावोगावी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं पडताहेत आणि स्लॅब टाकताहेत, त्यातून खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या असा सागाचा माल बाहेर येतो, बापजाद्यांच्या काळातला, भरपूर मुरलेला, आजच्या वखारीतल्या कोवळ्या सागाशी त्याची तुलनाच नाही. पण बाहेरून बघाल तर काळा, धुराने माखलेला, वरून ऑइलपेंटचे थर, खिळे, माती. हा माल रंध्याने साफ करायचा म्हणजे खांदे जातात, इलेक्ट्रिक हँड प्लॅनरने होतो पण तो ८२ मिमीच रुंद, नऊ इंची फळीवर त्याने तीन-चार पट्टे मारले की मधे पायऱ्या पडतात आणि पुढे सँडिंगमधे जीव जातो. म्हणून हे मशीन घेतलं. सांगायला हरकत नाही, या एका कामासाठी पैसे वसूल आहे. काळ्याठिक्कर फळीवरून दोन हलके पास, म्हणजे मशीनमधून फेऱ्या, गेले आणि आतून तो सोनेरी रंग आणि सागाचा वास आला की गिऱ्हाईक तिथेच उभं राहतं.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हेच मशीन तीन-चार वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या रंगात विकतात, आतलं सगळं सेम. १३ इंच रुंदी, उंची सहा इंचाच्या आसपास, दोन ब्लेड, १८०० वॅट, सिंगल फेज. मोठ्या ब्रँडमधे या साइझला जी दोन नावं सगळ्यात जास्त ऐकू येतात ती मकिटाचं २०१२ एनबी आणि डिवॉल्टचं ७३५. मकिटा ३०४ मिमी म्हणजे १२ इंच, १६५० वॅट, दोन ब्लेड, वजन २८ किलोच्या आसपास, त्यामुळे दोघांनी उचलून छोटा हत्तीत टाकला की साइटवर नेता येतो. डिवॉल्ट १३ इंच, तीन ब्लेड, दोन स्पीड, पण वजन ४० किलोच्या वर, त्याला पोर्टेबल म्हणायचं तर म्हणा, मी जिना चढवणार नाही.

आकडे बघताना वॅटमधेच अडकू नका, इंचाला किती काप पडतात ते बघा. मकिटाचा ड्रम मिनिटाला ८५०० वेळा फिरतो, ब्लेड दोन, म्हणजे १७००० काप, आणि फळी मिनिटाला साडेआठ मीटर सरकते, गुणाकार-भागाकार केला की इंचाला साधारण ५० काप येतात. डिवॉल्ट ७३५ ला एका स्पीडला ९६ आणि दुसऱ्याला १७९. साध्या सरळ रेषेच्या सागाला पन्नास काप पण पुरतात, फिनिश चांगलाच येतो. पण निंब, बाभूळ, शिसम घालाल तिथे फरक कळतो कारण यांचे रेषे एकमेकांत उलटसुलट असतात, एका पट्ट्यात सुलटे तर शेजारच्या पट्ट्यात उलटे, कुठूनही घाला कुठेतरी ढलपी उचकटणारच. तिथे काप जेवढे जास्त आणि पास जेवढा पातळ तेवढी इज्जत वाचते. हेलिकल ड्रमवाले पण मिळतात, लांब ब्लेडऐवजी कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे गोल गोल बसवलेले, उलट्या रेषेला ते खरंच भारी, आवाजही कमी, एक तुकडा तुटला तर तेवढाच फिरवायचा, चारही कडा वापरता येतात. महाग आहे आणि मोटरवर लोड जास्त येतो. शिसमचंच काम रोज असेल तर विचार करा, नाहीतर राहू द्या.

एक इशारा. व्हिडिओ बघून, कोणाचा भाऊ-मेव्हणा अमेरिकेतून येणार आहे म्हणून तिकडून मागवत असाल तर तिकडचं मशीन १२० व्होल्टवर चालतं आणि १५ अँपियर ओढतं. इथे थेट प्लगमधे घातलं की धूर. तीन केव्हीएचा तरी ट्रान्सफॉर्मर लागेल आणि वॉरंटी शून्य.

आता लाइटचं. हा आपल्या खान्देशातला खरा मुद्दा आहे आणि कुठल्याच पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूत सापडत नाही. १८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला आठ अँपियर, कागदावर घरगुती १६ अँपियरच्या प्लगला काहीच नाही. पण रब्बीत दिवसा शेतीपंपाची लाइन चालू झाली, सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १८०-१९० वर येतं, आणि मग मशीन रडायला लागतं. गंमत अशी की फळी सरकवणारे रोलर पण त्याच मोटरवर चालतात, त्यामुळे मोटर मंदावली की रोलर पण मंदावतात, काप बिघडत नाहीत फार, पण जरा खोल पास घेतला असेल तर फळी मधेच थांबते, ब्लेड एकाच जागी घासतं, लाकडावर काळा चटका बसतो आणि ओव्हरलोडचं बटण टपकन बाहेर. माझा उपाय साधा आहे, जाड काम सकाळी सहा-सातला उरकायचं, दिवसा पास अर्धा मिमीच्या वर घ्यायचा नाही. आणि एक्स्टेंशन २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरचंच, तेही पूर्ण उलगडलेलं, लग्नाच्या मंडपातलं बारीक वायरचं गुंडाळलेलं बंडल जोडाल तर मशीनला दोष देऊ नका.

स्नाइपचा प्रकार सगळ्यांना छळतो. फळीच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन इंच खोल कापलं जातं, हात फिरवला की पायरी लागते. कारण सोपं आहे, सुरुवातीला फळी एकाच रोलरखाली असते, शेवटी पण एकाच, बाहेरचा भाग वजनाने खाली झुकतो आणि आतलं टोक वर उचलून ब्लेडला भिडतं. महाग मशीनला कमी, स्वस्ताला जास्त, पण शून्य कोणालाच नाही, "नो स्नाइप" असं बॉक्सवर लिहिलेलं असलं तरी. काय करायचं तर घालताना बाहेरचं टोक हाताने किंचित उचलून धरा, निघताना पलीकडचं टोक उचला. पुढची-मागची पत्र्याची टेबलं बेडच्या लेव्हलला न ठेवता बाहेरच्या कडेला अगदी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी उंच सेट करा. एकसारख्या जाडीच्या फळ्या असतील तर एकामागे एक चिकटून घाला, मग स्नाइप फक्त पहिलीच्या सुरुवातीला आणि शेवटच्याच्या शेवटी. आणि दारासारखं काम असेल तर प्रत्येक तुकडा दोन्हीकडून चार-चार इंच लांब ठेवा, शेवटी कापून टाका. जुन्या सागात खिळ्याच्या भोकांमुळे टोकं तशीही जातातच, त्यामुळे मला त्याचं दुःख राहिलं नाही.

बरं, मग वाकडी फळी सरळ कशी करायची. पैसेवाल्यांनी जॉइंटर, म्हणजे फळीची एक बाजू सपाट करणारं वेगळं मशीन, घ्यावा. आमच्याकडे एक वयस्कर मिस्त्री येतात, अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाहीत, त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आधी उच्चा कोपरा काढी ले भाऊ, मंग घाल मशीनमां." तेच खरं आहे. फळी सपाट फरशीवर ठेवा, ती ज्या दोन कोपऱ्यांवर डुगडुगते ते दोन कोपरे, बहुतेक वेळा समोरासमोरचे तिरके, हँड प्लॅनरने किंवा रंध्याने उतरवा. अख्खी बाजू चकाचक करायची गरजच नाही, डुगडुगणं थांबलं पाहिजे, बस. मग ती बाजू खाली घालून वरची करा, वरची सपाट झाली की उलटवा. पीळ फार असेल तर १८ मिमी प्लायची फळीपेक्षा लांब पट्टी घ्या, पुढच्या टोकाला छोटी आडवी पट्टी ठोका म्हणजे फळी प्लायवरून पुढे सरकणार नाही, फळी त्यावर ठेवा आणि जिथे जिथे खाली फट दिसते तिथे लाकडाच्या पाचरी सरकवून ग्लूगनने चिकटवा. पाचर ठोकून बसवायची नाही, नुसती टेकवायची, ठोकली तर फळी उचलली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. हे सगळं प्लायसकट मशीनमधून काढा. वरची बाजू झाली की पाचरी काढा, उलटवा, आता प्लायची गरज नाही. पाच फुटी फळीला वेळ लागतो पण निघते सरळ.

तरी एक राहतंच. जळगाव-धुळ्याचा मे महिना म्हणजे ४४-४५ डिग्री आणि हवेत ओल नावालाही नाही. संध्याकाळी प्लॅन केलेली फळी फरशीवर आडवी टाकून गेलात तर सकाळी कप झालेली, म्हणजे रुंदीत वाकलेली, सापडेल, कारण वरून वाळली आणि खालून नाही. दोन्ही बाजूंनी सारखंसारखं काढा, एकाच बाजूने अर्धा इंच खाऊ नका, एका दिवसात फायनल मापाला नेऊ नका, दोन सूत म्हणजे पाव इंच जास्त ठेवून भिंतीला उभ्या करा आणि तीन-चार दिवसांनी शेवटचा पास. पावसाळ्यात उलटं, तेव्हा फुगलेल्या मालावर दार फिट करून दिलं तर उन्हाळ्यात गिऱ्हाईकाचा फोन येणारच.

जुन्या मालाचा दुष्मन खिळा. आणि धाब्याच्या घरातले खिळे आजच्यासारखे डोकं दिसणारे नसतात, काही मोडून आत राहिलेले, वर लाकूड मिटलेलं, वर रंग. पूर्ण फळीवर हातातला छोटा मेटल डिटेक्टर फिरवतो, एअरपोर्टवर अंगावरून फिरवतात तसला, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. चुंबक काही कामाचं नाही, आतल्या खिळ्याला पकडत नाही. लाकडात खिळ्याभोवती निळसर-काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे समजा, सागातलं टॅनिन लोखंडाशी मिळून तो रंग येतो. मातीचं पण तेच, धाब्याची माती फटीत अडकलेली असते, वायर ब्रशने घासल्याशिवाय फळी आत घालायची नाही, मातीचा एक खडा अख्ख्या ब्लेडवर खाच पाडतो आणि मग तुमच्या प्रत्येक फळीवर बारीक उभी रेघ येत राहते. रेघ आली तर लगेच ब्लेड फेकू नका, दोन ब्लेडपैकी एक अगदी सुताच्या आठव्या हिश्श्याएवढं बाजूला सरकवा, ज्या मशीनला सरकवायची जागा दिलेली आहे त्यात, दोघांच्या खाचा एका रेषेत राहत नाहीत आणि रेघ गायब.

ब्लेडवरच मशीनचं आयुष्य आहे म्हणा. साग दिसायला मऊ पण त्यात सिलिका असते, धार खातो. माझ्या मशीनला दोन्हीकडून धार असलेली पातळ ब्लेड येतात, एक बाजू गेली की उलटी करून लावायची, खुंट्या असतात त्यावर बरोब्बर बसतात, सेटिंग करत बसावं लागत नाही, हे चांगलं. वाईट हे की ही ब्लेड धार लावून परत वापरायची नसतात, धार लावली की रुंदी कमी होते आणि खुंटीवरचं माप चुकतं. म्हणजे विकतच आणायची. आणि इथे माझी तक्रार आहे. ज्या दुकानातून घेतलं त्याने "ब्लेड कधीही मिळतील" असं छातीठोक सांगितलं, नंतर फोन केला तर स्टॉकला नाही, मागवतो, पुढच्या आठवड्यात, असं करत करत शेवटी दुसऱ्याकडून कुरियरने मागवली आणि ती आली तेव्हा भोकांचं अंतर थोडं वेगळं. त्यामुळे स्वस्त बिननावाचं घेणार असाल तर मशीनबरोबर त्याच बिलात दोन सेट ब्लेड, एक बेल्ट आणि कार्बन ब्रशची जोडी घ्या, समोर खोका उघडून. त्याच्याकडे हे नसेल तर ते मशीन त्याच्याकडून घ्यायचं नाही, किंमत कितीही कमी सांगू द्या. मोठ्या ब्रँडचे जास्तीचे पैसे खरं म्हणजे याच गोष्टीचे असतात.

आवाज. युनिव्हर्सल मोटर आहे, कर्कश ओरडते, कानावर मफ लावल्याशिवाय एक पास पण नको, आणि गल्लीत घर असेल तर दुपारी कोणी झोपलेलं असताना चालू करू नका, भांडण ठरलेलं. भुसा म्हणाल तर एका मोठ्या फळीत पोतं भरतं, घरगुती व्हॅक्युम पाच मिनिटात चोक होतो, मी चार इंची पाइप बाहेर काढून तोंडाला कांद्याची जाळीची गोणी बांधली आहे, जाडे छिलपे त्यात अडकतात आणि हवा निघून जाते. बारीक धूळ मात्र निघतेच, मास्क लावा, लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९५ मधेच टाकली आहे. छिलपे शेजारचे चुलीला नेतात. मी फक्त पेंटवाल्या जुन्या फळ्यांचे देत नाही, जुन्या ऑइलपेंटमधे शिसं असू शकतं, तो रंग आधी खरवडून वेगळा टाकतो.

बाकी बारीकसारीक. बेडवर दर काही दिवसांनी मेण घासा, साधी मेणबत्ती चालते, घासून कापडाने पुसायची, फळी लोण्यासारखी सरकते. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, लाकडाला लागला तर पॉलिश धरत नाही. १४ इंचांपेक्षा छोटा तुकडा घालायचा नाही कारण एका रोलरने सोडण्याआधी दुसऱ्याने पकडला पाहिजे, नाहीतर तो मधे तरंगतो आणि गोळीसारखा मागे येतो. त्यासाठीच कधीही मशीनच्या तोंडासमोर उभं राहून वाकून आत बघायचं नाही, बाजूला उभं राहा, हातमोजे नकोत. प्लाय आणि एमडीएफ घालायचा मोह होतो, गोंदाच्या थरांनी ब्लेडची वाट लागते. सतत तीन मिमीचा पास घेता येतो असं पुस्तकात असतं, ते अरुंद पट्टीला. नऊ-दहा इंची सागाला मी एक मिमीच्या वर जात नाही, शेवटचा पास पाव मिमी. अंजनसारखं लोखंडी लाकूड असेल तर त्याहून कमी.

आता घ्यावं का. वर्षाला चार दारं आणि एक दिवाण करणार असाल तर अजिबात नाही, सॉ मिलवर तीन फेजचं कास्ट आयर्नचं रंधा मशीन असतं, फुटावर पैसे घेतात आणि अर्ध्या तासात मोकळे, फक्त तुमचा खिळेवाला जुना माल बघून ते हात जोडतात. शेड मोठी असेल, तीन फेज कनेक्शन असेल आणि मशीन हलवायचं नसेल तर राजकोटकडचं किंवा पंजाबातल्या बटाल्याचं वजनदार देशी मशीन बघा, फिनिशला थोडं ओबडधोबड पण ब्लेडला धार गावातच लागते आणि बिघडलं तर कोणताही टर्नर दुरुस्त करतो. मधल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारखे, सिंगल फेज, छोटी जागा, जुना साग, कधीमधी साइटवर न्यायचं, त्यांना १२-१३ इंचीच योग्य. आणि पुढची अडचण पण सांगून ठेवतो, धाब्याच्या तुळया आठ-आठ इंच जाड असतात, या मशीनमधे सहाच्या वर जातच नाही, त्या आधी आऱ्यावर चिरून आणाव्या लागतात, आणि आरावाला खिळ्याच्या भीतीने डबल रेट लावतो, तो हिशोब मालाच्या किमतीत आधीच धरा.

सेकंड हँड मिळत असेल तर लाइट लावण्याआधी रबरचे रोलर नखाने दाबून बघा, कडक होऊन चकाकत असतील तर फळी ओढणार नाही. मग सोबत नेलेली एक फूट रुंद फळी पास करून डाव्या-उजव्या कडेला व्हर्नियर लावून जाडी मोजा. दोन्हीकडे पाव मिमीच्या आत फरक असेल तर ड्रम बेडला समांतर आहे, जास्त असेल तर भाव कमी करायला सांगा किंवा चहा पिऊन निघा.